वेगवान आयनांची राखण : एक प्रस्तावना

मुळशीच्या जलाशयातले पाणी पश्चिमेकडे वळवले जाते, सह्याद्रीच्या कड्यावरून पोलादी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात उतरते आणि भिऱ्याच्या वीजघरात जनित्रे फिरवते. १९२७ पासून हे चालू आहे. आता एक ढोबळ हिशेब करून पाहू. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची दोन जड रूपे. त्यांचे एक किलो मिश्रण घेतले आणि त्यातल्या सगळ्या अणुकेंद्रांचे संमीलन घडवून आणता आले, तर जेवढी ऊर्जा सुटेल तेवढी मिळवायला भिऱ्याच्या त्याच उतारावरून जवळजवळ अडीच टीएमसी, म्हणजे अडीच अब्ज घनफूट, पाणी सोडावे लागेल. खडकवासला धरण काठोकाठ भरले तरी त्यात वापरण्याजोगे दोन टीएमसी पाणी मावत नाही.

हा हिशेब मी मुद्दाम मुळशीपासून सुरू केला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, या धरणाच्या कामाविरुद्ध मावळ्यांचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही ओळख याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुट्यांसारखे कार्यकर्ते त्यात उतरले. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण झालेच. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यातली भाताची खाचरे पाण्याखाली गेली आणि वीज घाटाखाली मुंबईला गेली. ज्या तालुक्याने विजेसाठी गावे दिली, त्या तालुक्यातल्या माणसाला ऊर्जेच्या प्रत्येक नव्या आश्वासनाला हिशेब विचारण्याचा अधिकार आहे. किती इंधन, किती जमीन, किती वर्षे, आणि मधे गळती किती? संमीलनाच्या बाबतीत यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि हे पुस्तक त्याच प्रश्नाचे आहे.

मुळशीचे धरण बांधणाऱ्या टाटा उद्योगसमूहाची सूत्रे त्या काळी सर दोराबजी टाटांकडे होती. त्यांच्या पत्नी मेहेरबाई या होमी भाभांच्या आत्या. पुढे १९४५ मध्ये भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली, ती दोराबजींच्या नावाच्या न्यासाच्या पाठबळावर. आणि याच भाभांनी ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हात, अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलताना जगासमोर एक अंदाज मांडला : येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मिळवण्याची पद्धत सापडेल. त्या हिशेबाने १९७५ पर्यंत ती सापडायला हवी होती. अंदाज चुकला. पण त्यामागचे गणित भाबडे नव्हते. अभिक्रिया माहीत होती, तिच्यातून सुटणारी ऊर्जा माहीत होती, लागणारे तापमानही माहीत होते. अंदाज बांधता येत नव्हता तो एवढ्या तापलेल्या वायूच्या, म्हणजे प्लाझ्माच्या, वागण्याचा, आणि त्यातही त्याच्यातल्या मूठभर अतिवेगवान भारित कणांच्या, म्हणजे वेगवान आयनांच्या, वागण्याचा.

हे कण कोण आहेत ते पाहू. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम यांची अणुकेंद्रे एकत्र आली की एक हेलियमचे केंद्रक आणि एक न्यूट्रॉन बाहेर पडतो. सुटलेली ऊर्जा १७.६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. त्यातले १४.१ न्यूट्रॉन घेऊन जातो. त्याला विद्युतभार नसल्यामुळे चुंबक त्याला अडवू शकत नाही. तो सरळ भिंतीत शिरतो आणि वीज करायची ती त्याच्याच उष्णतेवर. उरलेले ३.५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट हेलियमच्या केंद्रकाकडे, म्हणजे अल्फा कणाकडे, राहतात. एकूण ऊर्जेचा हा पाचवा हिस्सा दिसायला लहान आहे, पण सगळी मदार त्याच्यावर आहे. अल्फा कण प्लाझ्मातच थांबला आणि धडकत धडकत आपली ऊर्जा आजूबाजूच्या कणांना वाटत गेला, तर प्लाझ्मा स्वतःच्या उष्णतेवर तापलेला राहतो. तो आधीच निसटला तर बाहेरून ऊर्जा ओतत बसावे लागते, आणि मग त्या वीजघराला अर्थ उरत नाही.

जन्मतः अल्फा कणाचा वेग सेकंदाला सुमारे १३,००० किलोमीटर असतो. दक्षिण फ्रान्समध्ये कादाराश येथे उभ्या राहत असलेल्या आयटर या यंत्रात प्लाझ्माचे तापमान १५ कोटी अंशांपर्यंत न्यायचे आहे, आणि तरीही त्या प्लाझ्मातल्या सर्वसाधारण कणाच्या शेकडो पट ऊर्जा या नवजात अल्फाकडे असेल. आपली ऊर्जा वाटून शांत व्हायला त्याला सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात तो हजारो किलोमीटर धावलेला असतो, आणि तेही मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम दोन मीटर जाडीच्या वलयात. हजारो किलोमीटर धावायचे आणि दोन मीटर ओलांडायचे नाहीत, एवढी या कणाकडून अपेक्षा आहे.

ती पुरी करण्याचे काम चुंबकीय क्षेत्राचे. भारित कण चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत तिच्याच बाजूने पुढे जातो. आयटरच्या ५.३ टेस्ला क्षेत्रात अल्फा कणाच्या गिरकीची त्रिज्या फार तर पाच सेंटीमीटर भरते. रेषा कुठे संपू नयेत म्हणून त्यांना वर्तुळात वळवतात आणि वलयाच्या आकाराची पोकळी तयार होते. टोकामॅक म्हणतात ते हेच यंत्र. पण क्षेत्र वर्तुळात वळवले की ते आतल्या बाजूला, वलयाच्या मधल्या खांबाकडे, जास्त तीव्र होते आणि बाहेरच्या बाजूला कमी. या फरकामुळे कण हळूहळू वर किंवा खाली सरकू लागतो. म्हणून प्लाझ्मातूनच प्रचंड प्रवाह वाहू देतात. आयटरमध्ये तो दीड कोटी अँपिअरपर्यंत जाईल. त्याने रेषांना पीळ पडतो, कण कधी वलयाच्या वरच्या भागातून जातो, कधी खालच्या, आणि एका ठिकाणी झालेले सरकणे दुसऱ्या ठिकाणी भरून निघते.

सगळे कण वलयाच्या पूर्ण फेऱ्या मारत नाहीत. ज्यांचा वेग रेषेच्या दिशेने कमी आणि गिरकीत जास्त असतो, ते आतल्या तीव्र क्षेत्राजवळ पोचले की मागे वळतात. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. त्यांच्या मार्गाचे छेदचित्र काढले तर ते केळ्याच्या आकाराचे दिसते, म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ त्याला केळ-कक्षाच म्हणतात. कणाची ऊर्जा जितकी जास्त तितके केळे रुंद. अल्फा कणांच्या बाबतीत ही रुंदी काही सेंटीमीटरवरून दशसेंटीमीटरांच्या घरात जाते. केळ्याची जी दोन टोके, जिथे कण क्षणभर रेषेवर थांबून परत फिरतो, ती या पुस्तकाच्या वाचकाने नीट ध्यानात ठेवावीत. पुढचे बरेचसे संकट त्या टोकांवर घडते.

आता मुख्य गोष्ट. हे सगळे कण सुरक्षित राहतात, कारण टोकामॅक उभ्या अक्षाभोवती सर्व बाजूंनी सारखा आहे. वलयात कुठेही उभे राहून पाहिले तरी क्षेत्र तेच. १९१८ मध्ये एमी नोएदर या जर्मन गणितज्ञ बाईंनी सिद्ध केले की निसर्गातल्या अशा प्रत्येक सलग सममितीमागे एक न बदलणारी राशी असते. टोकामॅकमध्ये ही राशी म्हणजे वलयाच्या दिशेचा व्यापक संवेग. ती बदलत नाही तोवर कणाला चुंबकीय रेषांनी विणलेल्या आपल्या पृष्ठापासून फार दूर जाण्याची मुभाच नसते. तो केळ्याच्या रुंदीएवढा हलेल आणि परत येईल. माझ्या मते संमीलनाच्या सगळ्या भौतिकीत यापेक्षा सुंदर विधान नाही. कणाला भिंतीपासून दूर ठेवणारे बळ कुठून येते असे विचारले, तर त्याचे शेवटचे उत्तर एका सममितीत आहे.

आणि खरे यंत्र पूर्ण सममित कधीच नसते. मुख्य क्षेत्राच्या हजाराव्या किंवा दहाहजाराव्या भागाइतका जरी फरक वलयाच्या दिशेने पडला, तरी ती राशी न बदलण्याची हमी संपते. मुख्य क्षेत्रावर बसलेल्या या छोट्या फरकांना चुंबकीय विक्षोभ म्हणतात. ५.३ टेस्लाचा दहाहजारावा भाग म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दहापट. एरवी तो कुणाच्या खिजगणतीतही आला नसता. पण आपला कण वलयाच्या लाखाच्या घरात फेऱ्या मारणार आहे. प्रत्येक फेरीत तो मिलिमीटरचा फक्त पन्नासावा भाग बाहेर सरकला आणि दर वेळी त्याच दिशेने सरकला, तर लाख फेऱ्यांत दोन मीटर होतात, म्हणजे केंद्रापासून थेट भिंत. तेच सरकणे कधी आत, कधी बाहेर असे दिशाहीन झाले, तर लाख फेऱ्यांनंतर तो सरासरी सहा मिलिमीटरच हललेला असेल. विक्षोभ तेवढाच, फेऱ्या तेवढ्याच. फरक पडतो तो कणाच्या फेऱ्यांचा ताल आणि विक्षोभाच्या रचनेचा ताल जुळतो की नाही यावर. म्हणूनच विक्षोभ किती मोठा, हा प्रश्न एकटा विचारून काहीच कळत नाही. तो कोणत्या आकाराचा, वलयाभोवती किती वेळा चढतो-उतरतो, आणि कोणत्या वेगाच्या कणाशी त्याचे जुळते, हे सगळे एकत्र विचारावे लागते.

विक्षोभांचे पहिले घर यंत्राच्या बांधणीतच आहे. वलयाचे मुख्य क्षेत्र एका अखंड चुंबकाने तयार होत नाही; त्यासाठी वेगवेगळी वेटोळी उभी करावी लागतात. आयटरमध्ये ती १८ आहेत. वेटोळ्याच्या अगदी खाली क्षेत्र थोडे जास्त, दोन वेटोळ्यांच्या मधे थोडे कमी. वलयाभोवती एका फेरीत क्षेत्र अठरा वेळा चढते आणि अठरा वेळा उतरते. केळ-कक्षेतला कण टोकाशी थांबतो तेव्हा त्या चढउतारात तो नेमका कुठे सापडला यावर त्याचे टोक किंचित वर किंवा खाली ढकलले जाते. पुढच्या खेपेला तो वेगळ्या जागी थांबतो, वेगळा धक्का मिळतो. धक्के लहान असतील तर त्यांचा मेळ बसून कक्षा टिकते. एका मर्यादेपलीकडे गेले की टोक कुठे जाईल याचा काहीच नेम राहत नाही आणि कण भरकटत बाहेर पडतो. ही मर्यादा कुठे येते याचे सूत्र गोल्डस्टन, व्हाइट आणि बूझर यांनी १९८१ मध्ये दिले. चाळीस वर्षांहून अधिक काळ नवे यंत्र आखणाऱ्या प्रत्येकाला त्यातून जावे लागले आहे.

या चढउताराचा उपाय लोखंडात सापडला, आणि इथे भारताचा थेट संबंध येतो. आयटरच्या निर्वात पात्राच्या भिंती दुहेरी आहेत. त्या दोन भिंतींच्या मधल्या जागेत पोलादाचे हजारो ठोकळे बसवायचे, हे काम भारताच्या वाट्याचे आहे. त्यातले बरेचसे ठोकळे न्यूट्रॉन अडवण्यासाठी आहेत आणि त्यांत बोरॉन मिसळलेला आहे. पण वेटोळ्यांच्या सावलीत, बाहेरच्या अंगाला, चुंबकत्व घेणाऱ्या फेरिटिक पोलादाचे ठोकळे बसवले जातात. जिथे क्षेत्र जास्त असते तिथे हे पोलाद त्यातला थोडा भाग स्वतःकडे ओढून घेते आणि चढउतार सपाट होतो. बाहेरच्या कडेला एक टक्क्याच्या वर गेला असता तो फरक यामुळे अर्ध्या टक्क्याच्या खाली येतो. बंगळुरूच्या कारखान्यात कापलेले ठोकळे फ्रान्समधल्या अल्फा कणांची राखण करणार आहेत. भारताच्या वाट्याच्या कामांत सुरतजवळच्या हजिऱ्याला घडवलेल्या ३,८५० टनांच्या क्रायोस्टॅटचीच, म्हणजे सगळ्या यंत्राला वेढणाऱ्या शीतपात्राचीच, चर्चा जास्त झाली. तो मोठा आहे, छायाचित्रात भव्य दिसतो, त्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण या पुस्तकाच्या विषयाच्या दृष्टीने पाहिले तर भिंतीआड कायमचे झाकले जाणारे ते ठोकळे मला अधिक मोलाचे वाटतात.

तेच लोखंड चुकीच्या जागी बसले की उलटे काम करते. ट्रिटियम निसर्गात मिळत नाही असेच म्हणावे लागेल. ते यंत्राच्या भिंतीतच लिथियमपासून तयार करावे लागणार. त्याच्या चाचणीसाठी आयटरच्या भिंतीतल्या काही मोजक्या झरोक्यांत खास संच बसवायचे आहेत, आणि न्यूट्रॉनांचा मारा सोसू शकणारे पोलाद पुन्हा फेरिटिकच. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने हैदराबादच्या मिधानी या धातुकारखान्यासोबत असे पोलाद विकसित केले आहे. वलयाभोवती सगळीकडे नसून दोन-तीन ठिकाणीच इतके लोखंड असणे म्हणजे सममितीला दोन-तीन ठिकाणी पडलेले खळगे. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या डीआयआयआय-डी यंत्रावर या संचांचा चुंबकीय परिणाम हुबेहूब घडवणारी वेटोळी बसवून प्रयोग झाले. बाकी प्लाझ्मा फारसा बिघडला नाही, पण त्या संचाच्या समोरच्या फरश्यांवर तप्त डाग उमटले. कणांच्या कक्षा मोजणाऱ्या संगणक-प्रारूपांनी डागांची जागा ओळखली होती. अशा प्रयोगांमुळेच या क्षेत्रातल्या गणितावर विश्वास बसतो.

मुळशीच्या भातखाचरांत काम केलेल्या माणसाला हे डाग लगेच समजतील. बांधाची लांबी कितीही असो, तो खचतो खेकड्याने पोखरलेल्या एका बिळापाशी. तिथून पाणी धार धरते, धारेने माती जाते, आणि सकाळी खाचर कोरडे असते. वेगवान आयनांच्या गळतीचे नेमके हेच आहे. आयटरने ५०० मेगावॅट संमीलन-शक्ती दिली तर त्यातले १०० मेगावॅट अल्फा कणांकडे असतील. त्यांतला एक टक्का निसटला तर प्लाझ्माच्या उष्णतेत कुणाला फरकही जाणवणार नाही. पण तो एक मेगावॅट जर भिंतीवरच्या टेबलाएवढ्या जागेवर पडला, तर ती जागा टिकणार नाही. गळतीची टक्केवारी वृत्तपत्रांत छापली जाते, भिंतीवरचा नकाशा छापला जात नाही. या विषयावर लिहिणाऱ्यांनी, वाचणाऱ्यांनी आणि पैसे मंजूर करणाऱ्यांनी नकाशा मागावा असे माझे ठाम मत आहे. प्रिन्स्टनच्या टीएफटीआर यंत्रावर १९९० च्या दशकात हा धडा मिळाला. तिथे प्लाझ्मातल्या लहरींनी वेगवान आयनांना ढकलले, चढउताराच्या खळग्यांत अडकलेले ते आयन एका जागी उतरले, आणि निर्वात पात्राला गळती लागली.

त्या लहरी हा विक्षोभांचा दुसरा, आणि जास्त खोल, उगम. चुंबकीय रेषा ताणलेल्या तारांसारख्या कंप पावतात. हान्नेस आल्फवेन यांनी हे दाखवून दिले आणि त्यांना १९७० चे नोबेल मिळाले. टोकामॅकमध्ये या कंपनांचे काही सूर विशेष टिकाऊ असतात, असे १९८५ मध्ये चेंग, चेन आणि चान्स यांनी गणिताने सांगितले. १९९१ मध्ये ते टीएफटीआर आणि डीआयआयआय-डी या दोन्ही यंत्रांवर प्रत्यक्ष दिसले. त्रास असा की अल्फा कणांचा वेग या लहरींच्या वेगाच्या बरोबरीचा किंवा त्याहून जास्त असतो. कण लहरीला ऊर्जा देतात, लहर वाढते, आणि वाढलेली लहर त्याच कणांना बाहेर ढकलते. वेटोळ्यांमुळे येणारा विक्षोभ यंत्र बांधताना मोजता येतो. इथे मात्र ज्यांना सांभाळायचे तेच विक्षोभ निर्माण करतात, आणि आजवरच्या यंत्रांत अल्फा कण इतके थोडे होते की हे चक्र पूर्ण जोराने फिरताना कुणी पाहिलेलेच नाही. इंग्लंडमधल्या जेईटी यंत्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाज्यूल ऊर्जा मिळवली आणि त्याच वर्षाअखेर ते बंद झाले. तो आजवरचा टोकामॅकचा उच्चांक आहे. तरीही तिथला प्लाझ्मा मुख्यतः बाहेरच्या उष्णतेवरच तापत होता.

तिसरा प्रकार विक्षोभांचा असा, की तो आपण जाणूनबुजून आणतो. माझ्या मते या पुस्तकाची सर्वांत महत्त्वाची प्रकरणे तीच आहेत. १९८२ मध्ये जर्मनीतल्या गार्चिंगच्या अॅसडेक्स यंत्रावर फ्रिट्झ वाग्नर यांना प्लाझ्माची एक अवस्था सापडली, जिच्यात प्लाझ्माच्या कडेला उष्णता अडवणारा पट्टा आपोआप तयार होतो आणि आतली उष्णता जवळजवळ दुप्पट काळ टिकते. आयटरची आखणी याच अवस्थेवर आधारलेली आहे. पण त्या कडेवर दाब साठत जातो आणि ठरावीक काळाने फुटतो. लहान यंत्रांत हे स्फोट सोसवतात. आयटरच्या आकाराला ते तळाच्या टंगस्टनच्या विटा झिजवून टाकतील. २००४ मध्ये टॉड इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीआयआयआय-डीवर दाखवले की कडेपाशी मुद्दाम छोटा चुंबकीय विक्षोभ लावला, तर रेषांची घडी थोडी विस्कटते, दाब झिरपत राहतो आणि स्फोट होतच नाहीत. २०११ मध्ये कोरियाच्या केस्टार यंत्रावरही हे साधले. आयटरच्या पात्रात यासाठी २७ वेटोळी बसवली जाणार आहेत, नऊ-नऊच्या तीन ओळींत.

म्हणजे ज्या सममितीच्या जोरावर वेगवान आयन कोंडून ठेवायचे, तीच सममिती आपण आपल्या हाताने मोडायची. कडेचे दुखणे बरे करताना आतल्या कणांचे काय होते? गार्चिंगच्या अॅसडेक्स अपग्रेडवर पात्राच्या भिंतीशी अगदी जवळ एक शोधक बसवलेला आहे. निसटलेला आयन त्याच्या चकाकणाऱ्या पट्टीवर आदळला की त्याची ऊर्जा आणि तो कोणत्या कोनातून आला ते दोन्ही कळते. तिथली अशीच वेटोळी चालू केली की त्या पट्टीवर नवे ठिपके उमटतात. गळती वाढते, हे प्रथम स्पष्ट झाले. त्यापुढचे जास्त आशेचे आहे : वेटोळ्यांच्या वरच्या आणि खालच्या ओळीतल्या प्रवाहांचा एकमेकांशी कोन बदलत नेला, तर गळती कुठे वाढते, कुठे कमी होते. कडेपाशी असा एक पातळ थर आहे जिथे कणांच्या कक्षेचा ताल आणि विक्षोभाचा ताल जुळतो. कोन बदलून त्या थरातल्या कणांना बाहेरऐवजी आत ढकलता येते. स्फोट थांबवणारा कोन आणि आयन सांभाळणारा कोन एकच असेल असे निसर्गाने कुठे लिहून दिलेले नाही. त्या दोहोंत कुठे तडजोड करायची, हेच आयटरच्या चालकांना रोज ठरवावे लागणार आहे.

यात आणखी एक गुंता आहे. निर्वात पोकळीत वेटोळ्यांचा विक्षोभ किती हे कागदावर सहज काढता येते. प्लाझ्मा आला की तो स्वतः उत्तर देतो. तो फिरत असेल तर आपल्यातच प्रवाह उभे करून विक्षोभाचे काही भाग अडवतो, आणि कडेचे काही भाग उलट मोठे करतो. पूर्वीची बरीच गणिते प्लाझ्माचे हे उत्तर न धरता केली जात. धरल्यानंतर काही ठिकाणी गळती कमी निघाली, काही ठिकाणी जास्त. वाचकाने कोणताही आकडा पाहिला की तो कोणत्या गृहीतकावर काढला हे आधी पाहावे.

भारतात या विषयाचा प्रयोग कुठे झाला, असे कुणी विचारेल. गांधीनगरजवळ भाट येथे प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. प्रेधिमन कृष्ण काव यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही संस्था १९८६ मध्ये स्वायत्त झाली, आणि १९८९ मध्ये तिथे ‘आदित्य’ हा भारतात बांधलेला टोकामॅक चालू झाला. तो लहान आहे. त्याच्या वलयाची त्रिज्या पाऊण मीटर. त्यात अल्फा कण निर्माण होत नाहीत. पण तिथे दुसऱ्या वेगवान कणांचा त्रास होता : विद्युतक्षेत्राने सतत ढकलले जाऊन धडकांच्या पकडीतून सुटलेले, बेफाम पळणारे इलेक्ट्रॉन. ते एका जागी आदळले तर भिंत जाळतात. आदित्यच्या शास्त्रज्ञांनी एका छोट्या भागात उभ्या दिशेचे चुंबकीय क्षेत्र लावले, तिथली सममिती मोडली, आणि हे इलेक्ट्रॉन जोर धरण्याआधीच बाहेर काढले. म्हणजे अल्फा कणांच्या बाबतीत ज्याची धास्ती, तोच परिणाम इथे कामाला लावला. कोणत्या कणाला ठेवायचे आणि कोणत्याला घालवायचे हे विक्षोभाच्या रचनेने ठरवता येते, हे आपल्याकडच्या छोट्या यंत्रावर झालेले काम विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. २०१६ च्या डिसेंबरपासून हेच यंत्र आदित्य-यू या सुधारलेल्या रूपात चालते आहे. भारत आयटरमध्ये २००५ च्या डिसेंबरमध्ये सामील झाला, आणि त्या कामासाठी उभारलेल्या आयटर-इंडियाची धुरा शिशिर देशपांडे यांनी अनेक वर्षे वाहिली.

या विषयातले निम्मे काम यंत्राशेजारी होते, उरलेले संगणकावर. एकेका आभासी कणाला जन्म द्यायचा, त्याच्या मागे लाख फेऱ्या धावायचे, तो भिंतीवर कुठे आदळला ते टिपायचे, आणि हे लक्षावधी कणांसाठी करायचे. फिनलंडमध्ये लिहिलेली अॅस्कॉट ही आज्ञावली आणि ग्राफिक्सच्या चिपांवर धावणारी लोकस्ट ही त्यातली जाणती नावे. या कामाला भले मोठे चुंबक लागत नाहीत. लागते ते गणित, चिकाटी आणि चांगल्या आज्ञावल्या लिहिण्याची सवय. हिंजवडी आणि माण ही गावे मुळशी तालुक्यातच आहेत. तिथल्या इमारतींत रोज जेवढे कुशल हात संगणकावर बसतात, त्यातल्या काहींनी तरी आपले कसब इकडे वळवावे असे मला मनापासून वाटते. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे, विद्यापीठात प्लाझ्मावर संशोधन होत आले आहे, आणि भाट फार दूर नाही.

पुस्तकाच्या वाचनाविषयी दोन शब्द. पहिली प्रकरणे बारावीचे भौतिकशास्त्र शिकलेल्या कुणालाही कळतील. मधल्या प्रकरणांत कक्षांचे गणित आहे. ते वगळून पुढे गेलात तर पुढची चित्रे नुसती सुंदर दिसतील, पटणार नाहीत. कागद-पेन्सिल घेऊन किमान एक केळ-कक्षा स्वतः काढा. आणि संमीलनाची वीज कधी येणार, या प्रश्नाचे उत्तर या पुस्तकात शोधू नका. भाभांच्या ताकदीच्या माणसाला जे साधले नाही ते सांगण्याचा मोह टाळलेला आहे, आणि ते योग्यच आहे. वेगवान आयन सेकंदभर आत कसे ठेवायचे याचे उत्तर मिळेपर्यंत तारखा जाहीर करण्यात अर्थ नाही.

आयटरच्या सध्याच्या वेळापत्रकाप्रमाणे ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये सुरू व्हायचे आहेत. पौडच्या किंवा ताम्हिणीच्या वाटेवरच्या एखाद्या शाळेत आज आठवीत बसलेली मुलगी तेव्हा तिशीच्या आत असेल, संशोधनाला सुरुवात करण्याच्या नेमक्या वयात. तालुक्यातल्या विज्ञानशिक्षकांना माझी विनंती आहे की या पुस्तकाची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात कुलपाबाहेर ठेवा, आणि सममितीचे प्रकरण वर्गात एकदा मोठ्याने वाचा.